गोंद बदलून पुस्तक टिकणार नाही. आधी घडी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचा एक जुना ग्रंथ तुमच्या सोलापूरच्या घरात आहे. साडेआठ बाय साडेपाच इंचांचा, म्हणजे डेमी आकाराचा, ६०८ पृष्ठांचा, १९५० च्या आसपास छापलेला. कण्याची शिवण सुटली म्हणून तुम्ही पाठीवर फेव्हिकॉलचा जाड थर दिला. थोडे महिने बरे गेले, मग ऐन मे महिन्यात कणा मधोमध तडकला आणि आता पानं झुबक्या-झुबक्याने हातात येतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: याहून घट्ट धरणारा गोंद कोणता, वरच्या पुठ्ठ्याला आजोबांच्याच सोलापुरी चादरीचा तुकडा लावता येईल का, आणि कडा वर-खाली झाल्या आहेत त्या कटिंग मशीनवर सरळ करून घ्याव्यात का.

गोंदापासूनच सुरू करू, कारण खरी अडचण तिथे नाहीच. त्या काळचा ग्रंथ फर्म्यांचा बनलेला असतो. मोठा ताव तीनदा दुमडला की आठ पानं, सोळा पृष्ठं होतात. हा एक फर्मा. ६०८ पृष्ठांचे बरोबर ३८ फर्मे. प्रत्येक फर्म्यात एकात एक बसलेली चार जोडपानं असतात. कण्यावर गोंद कितीही ओता, तो फक्त सगळ्यांत बाहेरच्या जोडपानाच्या घडीला लागतो. आतली तीन जोडपानं, म्हणजे सहा पानं, गोंदाला शिवतही नाहीत. त्यांना धरून ठेवतो तो घडीतून गेलेला दोरा. दोरा कुजला की जगातला कुठलाही गोंद ती सहा पानं धरू शकत नाही. उलट गोंदाचा थर जितका जाड, तितका कणा ताठ. मग पुस्तक उघडताना कणा सगळीकडे थोडा थोडा वाकत नाही, सगळा ताण एकाच जागी येतो आणि तिथे भेग पडते. तुमच्या ग्रंथाचं नेमकं हेच झालं.

पानं सुटी न येता झुबक्याने येत आहेत, ही मात्र चांगली खूण आहे. फर्म्यांच्या घड्या बहुधा शाबूत असाव्यात. तरी पुढचं सगळं दोन गोष्टींवर अवलंबून आहे, त्यामुळे सुईला हात लावण्याआधी त्या तपासा.

पहिली, घडी. पुस्तक उभं धरून वरच्या बाजूने कण्याकडे बघा. एकात एक बसलेल्या छोट्या कमानी दिसल्या तर घड्या आहेत. नुसत्या पानांच्या सुट्या कडा दिसल्या तर पूर्वी कुणीतरी बांधताना कणाच कापून टाकला आहे. जुन्या छपाईत बहुतेक वेळा फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाला बारीक क्रमांक असतो. पृष्ठ १, १७, ३३, ४९ असे बघत जा. फर्मे ओळखायला आणि पुन्हा क्रमाने लावायला त्याचा फार उपयोग होतो.

दुसरी, कागद. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा एका बाजूला दुमडून बोटाने दाबा, मग त्याच रेषेवर उलट्या बाजूला दुमडा. ही एक दुहेरी घडी झाली. पहिल्या-दुसऱ्या घडीलाच कोपरा तुटला तर कागद ठिसूळ झाला आहे. चार-पाच वेळा दुमडूनही टिकला तर शिलाई झेपेल. त्या काळच्या बऱ्याच कागदांत लाकडाचा लगदा असे आणि शाई पसरू नये म्हणून राळ-तुरटीचं खळीकरण केलेलं असे. त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं तंतू तोडत राहतं. आपल्याकडचा उन्हाळा त्याला आणखी हात देतो.

कोपरा लगेच तुटत असेल तर शिवूच नका. ठिसूळ पान टाक्याच्या रेषेवर फाटतं आणि दुरुस्तीच नुकसान करून जाते. अशा ग्रंथाला पोथीची रीत सर्वांत योग्य: खाली-वर पानांपेक्षा पाव इंच मोठ्या दोन फळ्या किंवा जाड पुठ्ठे, मध्ये क्रमाने लावलेले फर्मे, आणि भोवती धुतलेल्या, न रंगवलेल्या मांजरपाटाचं बासन. पारंपरिक लाल बासन दिसतं छान, पण ओल लागली की रंग सोडतं. यात काही कमीपणा नाही. आपल्याकडे दफ्तरं रुमालात आणि पोथ्या बासनात शतकानुशतकं राहिल्या आहेत.

घड्या पूर्वीच कापलेल्या निघाल्या तर मार्ग वेगळा. पानं ठोकून एका रेषेत आणायची, शिकंजात (दाबून धरणाऱ्या पेचात) अशी पकडायची की कण्याची बाजू दीड-दोन इंच मोकळी राहील, ती पंख्यासारखी एका बाजूला झुकवून ब्रशने पातळ थर द्यायचा आणि मग उलट बाजूला झुकवून पुन्हा. असं केल्यावर गोंद पानाच्या नुसत्या कडेला न लागता अर्धा-एक मिलिमीटर आत, पानाच्या अंगावर जातो. इथे मात्र पांढरा सिंथेटिक गोंदच लागतो, तोही बांधणीसाठी मिळणारा लवचीक. फर्निचरचा घट्ट प्रकार वाळल्यावर कडक होतो.

आता तुमची शक्यता, म्हणजे घड्या आहेत आणि कागद लवचीक आहे असं धरून पुढे जाऊ. याला जुजबंदी हवी, म्हणजे फर्मा-फर्मा दोऱ्याने शिवून केलेली बांधणी.

आधी जुना फेव्हिकॉल निघायला हवा. सरस किंवा पिठाची खळ असती तर कण्यावर ओल्या खळीचा जाड लेप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी बोथट पट्टीने खरवडून निघाली असती. फेव्हिकॉल वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, फक्त फुगून पांढरट आणि मऊ होतो. लेप देऊन तो मऊ झाला की एका टोकाने पापुद्र्यासारखा ओढायचा, कण्याला समांतर, हळू. न निघणाऱ्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापसाचा बोळा टेकवून ठेवा. त्याआधी शाई उतरत नाही ना, हे एका अक्षरावर तपासा. एका वेळी दोन इंचांपेक्षा जास्त जागा भिजवू नका, नाहीतर ओल पानांत शिरून डाग पडतात. कागदाचा वरचा थर सोबत उपटून यायला लागला तर तिथेच थांबा. थोडा गोंद राहिला तरी चालतो, घडी फाटलेली चालत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढची सगळी शिलाई यावर उभी आहे.

फर्मे सुटे झाले की प्रत्येक फर्म्याचं बाहेरचं आणि मधलं जोडपान बघा. घडी तिथेच आधी फाटते. फाटलेल्या घडीला आठ ते दहा मिलिमीटर रुंदीची जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी खळीने लावा. दहा-बारा जीएसएमचा (एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) टिश्यू पुरतो. सेलोटेप कधीही नको. तिचा गोंद कागदात उतरून तपकिरी होतो आणि टेप गळून पडल्यावरही डाग तसाच राहतो. पट्टी फक्त गरजेच्या घडीलाच लावा. ३८ फर्म्यांना सरसकट लावली तर कणा पानांपेक्षा जाड होऊन बसतो.

खळीबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण ती बाजारात विकत घ्यायची वस्तू नाही आणि आपल्या स्वयंपाकघरात तिचं सर्वोत्तम साहित्य आधीच असतं. जुन्या कागदाच्या दुरुस्तीत जगभर गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. ते स्टार्च म्हणजे कुरडयांसाठी काढतात तो गव्हाचा चीक. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, खाली बसलेला चीक घ्या. फरक एवढाच की त्याला आंबूस वास राहू द्यायचा नाही. वरचं पाणी ओतून, नवं पाणी घालून, ढवळून, पुन्हा बसू द्यायचं. पाणी नितळ येईपर्यंत चार-पाच वेळा. मीठ, हिंग काही नाही. मग सावलीत वाळवून भुकटी करून ठेवा. एक भाग भुकटी, पाच भाग पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं सतत ढवळत शिजवा. आधी दुधी, मग अर्धपारदर्शक आणि चकचकीत झाली की उतरवा. गार झाल्यावर बारीक कापडातून दोनदा गाळा. टिश्यूसाठी ताकाइतकी पातळ, पुठ्ठ्यासाठी श्रीखंडाहून थोडी सैल. चीक नसेल तर मैद्याची खळही चालते, पण मैद्यातल्या चिकट प्रथिनामुळे ती लवकर आंबते आणि पिवळी पडते.

खळीत मोरचूद घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे, कसर लागू नये म्हणून. वह्या आणि हिशेबाच्या चोपड्यांना ते ठीक. जपायच्या ग्रंथात ते घालू नये. मोरचुदातलं तांबं कागदाचं झिजणं वेगाने वाढवतं. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी टाकून द्या.

आता शिलाई. दोरा सुती किंवा लिननचा, सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचा, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढलेला. नायलॉन मजबूत आहे म्हणून घेऊ नका. तो कागदापेक्षा इतका कणखर असतो की घडी करवतीसारखी कापतो. जाडीचा हिशोबही करून बघा. प्रत्येक फर्म्याच्या घडीत एक दोरा बसतो, म्हणजे ३८ गुणिले ०.३, साधारण साडेअकरा मिलिमीटर. त्यातला निम्मा कागदात दबतो, उरलेले पाच-सहा मिलिमीटर कण्याची बाजू फुगवतात. २७-३० मिलिमीटर जाडीच्या ग्रंथाला कणा गोल करायला तेवढी फूग हवीच. दुप्पट जाड दोरा घेतलात तर पुस्तक पाचरीसारखं होईल आणि मिटणारच नाही.

पानाची उंची सुमारे २१५ मिलिमीटर. कडक कागदाच्या पट्टीवर वरून १५, ४९, ६१, १०२, ११४, १५५, १६७ आणि २०० मिलिमीटरवर खुणा करा. पहिली आणि शेवटची खूण गाठीच्या टाक्याची, ज्याला केटल टाका म्हणतात. मधल्या तीन जोड्या १२ मिलिमीटर रुंदीच्या तीन सुती फितींसाठी. ही पट्टी प्रत्येक फर्म्याच्या मधल्या घडीत ठेवून बारीक आरीने (टोच्याने), आतून बाहेर, नेमकं घडीच्या रेषेवर भोक पाडा. जुनी भोकं जुळत असतील तर तीच वापरा, नवी वाढवू नका. भोक घडीच्या बाजूला सरकलं तर त्या फर्म्यातलं प्रत्येक पान तिरकं बसतं.

फिती टेबलाच्या कडेला टाचणीने उभ्या ताणून घ्या. पहिला फर्मा ठेवा. सुई पहिल्या भोकातून आत, फितीपाशी बाहेर, फितीवरून पलीकडे, पुन्हा आत, असं शेवटपर्यंत. दुसरा फर्मा वर ठेवून उलट दिशेने परत या आणि सुरुवातीला सोडलेल्या शेपटाशी गाठ मारा. तिसऱ्या फर्म्यापासून प्रत्येक टोकाला सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मधून घालून, तयार झालेल्या फासातून वर काढायची. हाच केटल टाका, आणि फर्मे एकमेकांना बांधतो तोच. दोरा नेहमी कण्याला समांतर आणि शिलाईच्याच दिशेने ओढा. आडवा ओढला की भोक फाटतं. दोरा संपला तर नवा जोडायला यंत्रमागावर तुटलेला ताणा (उभा धागा) जोडताना मारतात ती विणकराची गाठ सर्वांत चांगली, कारण ती चपटी बसते आणि ताण आला की आणखी आवळते. सोलापुरात ती दाखवणारं माणूस शोधावं लागणार नाही. गाठ कण्याच्या बाहेरच्या बाजूला येऊ द्या, आतल्या घडीत नको.

दर पाच फर्म्यांनी हाडाच्या पट्टीने कणा दाबून बघा. केटलच्या जागी कणा आवळून बारीक दिसला तर टाके फार घट्ट पडत आहेत. फूग जास्त वाटली तर मधले फर्मे दोन-दोन एका दोऱ्यात घ्या. पहिले आणि शेवटचे चार मात्र एकेकच, कारण पुस्तक उघडताना जास्त ओढ तिथे बसते.

शिलाईनंतर पोस्तीन, म्हणजे पुस्तक आणि पुठ्ठा यांना जोडणारा कोरा कागद: १०० ते १२० जीएसएमचा कागद दुमडून, घडीलगत चार मिलिमीटर खळ लावून पहिल्या आणि शेवटच्या फर्म्याला चिकटवा. मग सगळं ठोकून एका रेषेत आणा. बहुतेक वेळा कडा इथेच सरळ होतात. त्या वर-खाली झाल्या होत्या कारण फर्मे सैल होऊन सरकले होते.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कटिंग नको. मशीनवर एकदा घेतलं की प्रत्येक बाजूने तीन-चार मिलिमीटर जातात. समासात आजोबांच्या हातच्या खुणा किंवा तारखा असतील तर त्या आधी जातात आणि पुढच्या बांधणीला कागदच उरत नाही. हीच गोष्ट बाजूने भोकं पाडून टाका घालण्याची. तो पाच-सहा मिलिमीटर आत पडतो, पुस्तक सपाट उघडत नाही आणि वाचणारा जोर लावून कणा मोडतो. काम बाइंडरकडे दिलंत तर या दोन्ही गोष्टी पावतीवर लिहून द्या: कटिंग नाही, बाजूचा टाका नाही.

कण्याला थेट लागणारा पहिला थर खळीचाच असू द्या, म्हणजे पुढे कधी बांधणी सोडवायची झाली तर पाण्याने सुटेल. खळ अर्धवट वाळली की हातोडीने हलके ठोकत कणा गोल करा. त्यावर जाळीचं कापड, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर बाहेर. बँडेजची जाळी घेऊ नका, तिची वीण फार विरळ असते. जाळीवर कागदाचं एक अस्तर, की कण्याचं काम संपलं. फेव्हिकॉलची जागा यापुढची: पुठ्ठा आणि कापड जोडताना तो खुशाल वापरा.

आता चादर. सोलापुरी चादरीची जकार्ड वीण जाड असते आणि तेच इथे आड येतं. पुठ्ठा आणि कणा यांच्यामधल्या खाचेत ती नीट दुमडत नाही, कोपऱ्यावर तीन थर जमतात आणि विणीतून गोंद वर येऊन चट्टे पडतात. ती चादर खरंच वापरायची असेल तर ग्रंथासाठी तिची पिशवी शिवा, आतून मांजरपाटाचं अस्तर लावून. पुठ्ठ्याला मांजरपाट, खादी किंवा पातळ सुती खण घ्या. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, मीटरवर मिळेल. कोरं कापड आधी धुवा, म्हणजे कांजी जाईल आणि जे आटायचं ते आधीच आटेल. मग ओलं कापड काचेवर किंवा सनमायकावर उलटं पसरून, त्याच्या पाठीवर खळ लावलेला पातळ कागद ब्रशने दाबून बसवा आणि रात्रभर तसंच वाळू द्या. या कागदाच्या पाठीमुळे गोंद वर फुटत नाही. कापलं की कापडाचा ताणा कण्याला समांतर ठेवा. पुठ्ठ्याच्या आणि पोस्तीनच्या तंतूंची दिशाही तीच. दिशा चुकली तर कुठल्याच वजनाने पुठ्ठा सरळ राहत नाही.

पुठ्ठा दोन मिलिमीटरचा. उंची पानापेक्षा सहा मिलिमीटर जास्त, म्हणजे २२१. रुंदी १३७: पान १४० चं, त्यातून खाचेसाठी सहा वजा आणि बाहेरच्या कडेला तीन जास्त. कण्याची पट्टी पातळ कार्डाची, रुंदी गोलाईवरून कागदाच्या पट्टीने मोजलेली, फुटपट्टीने नाही. पट्टी आणि पुठ्ठा यांत सात-आठ मिलिमीटर अंतर. कापड चहूबाजूंनी १५ मिलिमीटर आत वळवा. खाच अरुंद ठेवली तर पुठ्ठा उघडताना पहिलं पान ओढून फाडतो. नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त हीच चूक होते.

शेवटचा टप्पा वाळवण्याचा, आणि इथे सोलापूरची हवा लक्षात घ्यावीच लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि हवा कोरडी. खळ वरून झटकन वाळते, आत ओल राहते आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वळतो, कारण बाहेरचं कापड आटताना त्याला ओढतं. आतून चिकटवलेलं पोस्तीन उलट बाजूने ओढून तोल साधतं, पण दोन्ही बाजू एकाच वेगाने वाळल्या तरच. त्यामुळे ऊन नको, पंख्याखाली नको. पोस्तीन चिकटवल्यावर पुस्तक आणि पोस्तीन यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद आणि टीपकागद घाला, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर दहा-बारा किलो वजन. अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि रात्री झोपताना टीपकागद बदला. उन्हाळ्यात एक पूर्ण दिवस, पावसाळ्यात दोन दिवस वजन काढू नका. जमत असेल तर हे काम दिवाळीनंतर घ्या. तेव्हा हवा दोन्ही टोकांना नसते.

वजन काढल्यावर ग्रंथ लगेच मधोमध उघडू नका. कणा टेबलावर टेकवून आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढची दहा-बारा पानं, मागची दहा-बारा पानं, पुन्हा पुढची, असं दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. शिलाईचा ताण सगळ्या फर्म्यांत सारखा वाटला जातो आणि त्यानंतर कुठल्याही पृष्ठावर ग्रंथ आपण होऊन उघडा राहतो.